कोचने आधी मैदान मागायचं: अमेरिकी कॉलेज सॉफ्टबॉलमधल्या एका नोकरीची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल कोच कॅरोल हचिन्स निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या खात्यावर १,७०७ विजय होते. अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये तोवर एवढे सामने कुणीच जिंकले नव्हते. वर्षभर आधी ॲरिझोना विद्यापीठाचे माइक कँड्रिया १,६७४ विजयांवर थांबले होते. पण आकड्यांपेक्षा मला यांच्या सुरुवातीच्या दिवसांचं कुतूहल जास्त आहे. ही मंडळी कामाला लागली तेव्हा मुलींच्या संघाचा कोच ही धड नोकरीच नव्हती. सामने जिंकता जिंकता त्यांना ती नोकरीही उभी करावी लागली.

आपल्याकडे सॉफ्टबॉल म्हटलं की शालेय स्पर्धा, आंतरविद्यापीठ संघ आणि खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी लागणारं प्रमाणपत्र आठवतं. अमेरिकेत हा खेळ जन्मला तो थट्टेत. १८८७ च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल आल्यावर कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी तिथेच ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला आणि बंद हॉलमध्ये खेळायचा बेसबॉल सुरू झाला.

पुढे बायकांमध्ये हा खेळ वाढला तो कॉलेजांमुळे नाही, कारखान्यांमुळे. कनेटिकटमधल्या स्ट्रॅटफर्डला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचा ‘रेबेस्टॉस ब्रेकेट्स’ हा संघ होता. त्याच्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, जोन जॉइस यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरबरीच्या एका मदतनिधी सामन्यात टेड विल्यम्ससारख्या बेसबॉलच्या बादशहाला चकवलं होतं. खालून हात फिरवून टाकलेला तो चेंडू त्याला धड दिसलाच नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या जुन्या क्रिकेटपटूला एखाद्या पोरीने ओळीने बीट करावं, तसं. याच संघातून शॅरन बॅकस आल्या. कॉलेजांच्या पहिल्या कोच अशाच फळीतल्या होत्या. त्यांच्यापाशी अनुभव भरपूर होता, पण त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं.

१९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं हे कलम, आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेद करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. पण कॉलेजचा क्रीडा विभाग त्यात आपोआप आला. त्या काळात मुलींच्या स्पर्धा ‘एआयएडब्ल्यू’ ही बायकांनीच चालवलेली संघटना घेत असे. संस्था गरीब, पण निर्णय बायकांच्या हातात. १९८२ मध्ये मुलांच्या स्पर्धा चालवणाऱ्या बलाढ्य एनसीएएने मुलींचं सॉफ्टबॉलही आपल्याकडे घेतलं आणि एआयएडब्ल्यू बुडाली. टीव्ही, प्रवासखर्च, शिष्यवृत्त्या हे सगळं एनसीएएबरोबर आलं. बायकांच्या हातातली खुर्ची मात्र गेली. १९७२ मध्ये मुलींच्या कॉलेज संघांच्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. पगार वाढला तसे अर्जदार बदलले.

हचिन्स यांची गोष्ट इथून पुढे वाचावी. मिशिगन स्टेट या दुसऱ्याच विद्यापीठात शिकत असताना १९७६ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या सॉफ्टबॉल संघात त्या शॉर्टस्टॉप होत्या, शिवाय बास्केटबॉलही खेळत. बास्केटबॉलला मुलांचा संघ आणि मुलींचा संघ यांच्यातला फरक रोज डोळ्यांसमोर असायचा: दौऱ्यावरचा भत्ता वेगळा, राहण्याची सोय वेगळी, प्रवास वेगळा. १९७९ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी खेळाडू थेट कोर्टात गेल्या. ‘हचिन्स विरुद्ध मिशिगन स्टेटचं विश्वस्त मंडळ’ असा तो खटला. वय विशी-बाविशीचं, आणि प्रतिवादी स्वतःचंच विद्यापीठ. पदवी हातात पडायची असताना हे करायला काय लागत असेल, याचा अंदाज आपल्या कॉलेजांतल्या कुठल्याही खेळाडूला येईल.

आणि पुढे नोकरी कुठे केली? शेजारच्या प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बरला. आधी सहायक, १९८५ पासून मुख्य कोच. सुरुवातीला मैदानाची देखभालही कोचकडेच होती. सराव घ्यायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि पाऊस पडला की माती वाळवायची. मिशिगनमध्ये मार्चपर्यंत बर्फ असतो. हंगाम सुरू होतो फेब्रुवारीत. म्हणून उत्तरेकडचे संघ सुरुवातीचे आठवडे दक्षिणेत दौरे करत काढतात आणि कॅलिफोर्निया-ॲरिझोनाचे संघ घरच्या उन्हात खेळतात. विजेतेपदं वर्षानुवर्षं पश्चिमेलाच का जात, याचं निम्मं उत्तर हवामानात आहे. २००५ मध्ये हचिन्स यांच्या संघाने तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला, गाठलं. पहिला सामना गेला, दुसरा जिंकला, तिसरा ठरलेल्या सात इनिंग्जमध्ये सुटेना. दहाव्या इनिंगला पहिल्या वर्षाच्या समांथा फिंडलेने तीन धावांचा होम रन मारला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हे विजेतेपद जाण्याची ती पहिलीच वेळ.

ज्या यूसीएलएला हरवलं, तिथे मात्र वेगळीच घडण होती, जवळजवळ घराण्याच्या गाण्यासारखी. बॅकस १९७५ मध्ये तिथे आल्या. १९७८ च्या त्यांच्या विजेत्या संघात स्यू एन्क्विस्ट खेळत होत्या. एन्क्विस्ट पुढे बॅकस यांच्या सहायक झाल्या, मग बरोबरीच्या कोच आणि १९९७ पासून २००६ पर्यंत मुख्य कोच. त्यांच्यानंतर आलेल्या केली इनोये-पेरेझ याच संघाच्या जुन्या कॅचर. तिघी मिळून पन्नास वर्षं होतात, आणि एनसीएएची बारा विजेतेपदं. तेरावं १९९५ चं होतं, ते काढून घेतलं गेलं. सॉकरच्या नावावरच्या शिष्यवृत्त्या सॉफ्टबॉलच्या मुलींना दिल्याचं चौकशीत उघड झालं होतं. गौरवलेखांत हे वर्ष हळूच गाळलं जातं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

फ्रेझ्नो स्टेटच्या मार्जी राइट यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. खरं तर नोकरी घडवण्याच्या या इतिहासात त्या हचिन्स यांच्याच रांगेत बसतात. १९८६ ते २०१२ त्या तिथे होत्या. १९९८ मध्ये त्यांनी अंतिम सामन्यात ॲरिझोनाला १-० असं हरवून विद्यापीठाला मुलींचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद दिलं. पण त्या जितकं मैदानात लढल्या, तितकंच स्वतःच्या प्रशासनाशीही लढल्या. मुलींना सारख्या सोयी मिळाव्यात म्हणून बोलल्याची किंमत मोजावी लागली, असा त्यांचा दावा होता, आणि तो वाद २००८ मध्ये तडजोडीने मिटला. निवृत्त झाल्या तेव्हा १,४५७ विजय होते. आज त्या मैदानाला त्यांचंच नाव आहे.

मग कँड्रिया? पगार वाढल्यावर आलेल्या पुरुषांत त्यांना ढकलणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बेसबॉल खेळताना कोपर दुखावलं, म्हणून ते कोचिंगकडे वळले. सेंट्रल ॲरिझोना नावाच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात त्यांनी मुलींचा संघ बांधला आणि १९८६ च्या हंगामापासून टूसॉनला, ॲरिझोना विद्यापीठात आले. तेव्हा या नोकरीत पैसाही नव्हता आणि प्रतिष्ठाही. तिथे त्यांनी १९९१ ते २००७ दरम्यान आठ विजेतेपदं मिळवली. बेसबॉलमधली फलंदाजीची बारीक तालीम त्यांनी सॉफ्टबॉलमध्ये आणली. ती लागतेच, कारण कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचर फक्त ४३ फुटांवर उभी असते, बेसबॉलमध्ये साडेसाठ फुटांवर. बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला हिटरपाशी अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी ते अमेरिकेचे कोच होते. निघायच्या आधी, जुलैमध्ये, विस्कॉन्सिनला संघाच्या दौऱ्यावर असताना पत्नी स्यू मेंदूतल्या रक्तस्रावाने गेल्या. कँड्रिया तरीही संघाबरोबर गेले. अमेरिकेने नऊ सामन्यांत ५१ धावा केल्या आणि फक्त एक दिली. एवढं एकतर्फी सुवर्णपदक खेळाला अडचणीचंच ठरलं असणार. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक समितीने २०१२ पासून सॉफ्टबॉल वगळायचं ठरवलं. २००८ च्या शेवटच्या सामन्यात जपानच्या युकिको उएनोने अमेरिकेला ३-१ असं हरवलं, पण निर्णय आधीच झाला होता. ऑलिंपिकचं शिखर असं गेल्यावर अमेरिकी मुलींसाठी कॉलेजची स्पर्धाच खेळाचा शेवटचा टप्पा होऊन बसली, आणि कॉलेज कोचचं वजन आणखी वाढलं.

त्या वजनाचं आजचं माप म्हणजे पॅटी गॅसो. १९९५ मध्ये लाँग बीचच्या सिटी कॉलेजातून त्या ओक्लाहोमाला आल्या, तेव्हा संघ नॉर्मन शहरातल्या सार्वजनिक बागेच्या मैदानावर, रीव्ह्ज पार्कात खेळत असे. विद्यापीठाचं स्वतःचं मैदान १९९८ मध्ये झालं. २००० मध्ये पहिलं विजेतेपद. मग २०१३ पर्यंत काहीच नाही, आणि तरीही विद्यापीठाने त्यांना राहू दिलं, हे मला विजेतेपदांइतकंच महत्त्वाचं वाटतं. २०२१ ते २०२४ सलग चार मिळून एकूण आठ, मधे ओळीने ७१ सामने जिंकण्याचा विक्रम, आणि २०२४ ला चार हजारांवर आसनांचं नवं लव्ह्ज फील्ड.

जोन जॉइस यांना एवढं काहीच मिळालं नाही. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात १९९० च्या दशकात त्यांनी संघ शून्यातून सुरू केला, जोडीला काही वर्षं मुलींच्या गोल्फ संघालाही शिकवलं. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी एक हजारावा विजय मिळवला, आणि त्याच महिन्यात, ८१ व्या वर्षी, कोचपदावर असतानाच त्या वारल्या.

२०२१ पासून खेळाडूंनाही स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२४ मध्ये निजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली, तेव्हा तिच्या कराराची रक्कम जाहीर झाली: १०,५०,०२४ डॉलर. दहा लाख मानधन, पन्नास हजार राहण्या-खाण्याचे, आणि वरचे चोवीस तिच्या जर्सीच्या नंबरचे.