रिपोर्ट नॉर्मल, मग पोराला झालंय काय?

फेब्रुवारीत माझा आतेभाऊ मुलाचा एमआरआय काढायला पिंपळगाव बसवंतहून नाशिकला आला. मुलगा २० वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर तो कॉलेजला जाईनासा झाला. मोबाइलमधून आपल्यावर पाळत ठेवली जाते म्हणायचा, खोलीत कोणी नसताना कोणाला तरी उत्तरं द्यायचा. घरच्यांनी आधी 'बाहेरचं' काही आहे का ते बघून घेतलं, त्यात दोन महिने गेले. मग मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं आणि एमआरआय करून घ्यायला सांगितला. संध्याकाळी मुंबई नाक्यावर फाईल हातात धरून भाऊ म्हणाला, "दादा, मेंदू नॉर्मल आहे म्हणतात. मग पोरगं नाटक करतंय का?"

नाही, नाटक नाही. पण का नाही, हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगता येत नव्हतं.

सायकोसिसच्या पहिल्या झटक्यात, म्हणजे भास आणि संशय यांनी माणसाचा वास्तवाशी धागा सुटतो तेव्हा, डॉक्टर एमआरआय सांगतात तो दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. गाठ, रक्तस्राव, मेंदूची सूज, तंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टन झडल्याचे डाग. यातलं काही नसलं की रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, आणि बहुतेकांचा तसाच येतो. साध्या एमआरआयमध्ये मेंदूचे भाग दिसतात. त्या भागांना जोडणाऱ्या वाटांची बारीक वीण त्यात दिसत नाही.

या वाटा म्हणजे श्वेतद्रव्य. चेतापेशींचे लांब तंतू, त्यांच्याभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन, आणि त्यामुळे आलेला पांढरा रंग. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले मायलिनवाले तंतू एकापुढे एक जोडले तर दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरतील. वेष्टन नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. जाड वेष्टनाच्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. आवाज ऐकणारा भाग, बोलणारा भाग आणि विचार तपासून पाहणारा भाग एकमेकांपासून दूर आहेत. त्यांचा मेळ या वेगावर चालतो.

तंतू जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीचा, आणि स्कॅनचा एक ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा. एका ठिपक्यात लाखो तंतू. ते दिसायचे कसे? इथे उपयोगी पडलं पाणी. भावाला मी त्याच्या बागेतलं उदाहरण दिलं. ठिबकच्या लॅटरलमधलं पाणी नळीच्या दिशेनंच जातं, तेच ड्रिपरमधून जमिनीत गेलं की चहूकडे पसरतं. मेंदूतलं पाणी नळीसारखं वाहत नाही. त्याचे रेणू उष्णतेनं सतत धडपडत असतात आणि पन्नास मिलिसेकंदांत दहा-वीस मायक्रॉन सरकतात. पण तंतूंच्या जुडीत त्यांना लांबीच्या दिशेनं मोकळीक असते आणि आडवं जायला अडसर. ही हालचाल चुंबकीय क्षेत्राच्या युक्तीनं टिपता येते, हे १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या डेनिस ले बिहान यांनी दाखवलं. १९९४मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक ठिपक्यात पाणी कुठल्या दिशेला किती सरकतं याचं गणित बसवलं. त्यातून एक आकडा निघतो, शून्य ते एक: पाणी सगळीकडे सारखं सरकलं तर शून्य, एकाच दिशेनं सरकलं तर एक. मेंदूच्या पोकळ्यांतल्या द्रवात तो शून्याजवळ असतो, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या दाट जुडीत ०.७च्या पुढेमागे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचा दीर्घकाळ चालणारा आजार, असलेल्या रुग्णांचं असं मोजमाप १९९८पासून प्रसिद्ध होऊ लागलं. सुरुवातीचे गट लहान होते, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसत. २०१८मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटानं १९६३ रुग्ण आणि २३५९ निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र तपासले. श्वेतद्रव्याच्या २५ पैकी २० भागांत रुग्णांचा आकडा सरासरीनं कमी भरला.

इथेच घाई होते. आकडा कमी म्हणजे वेष्टन खराब, असं सरळ लिहून टाकलं जातं, आणि ते मला पटत नाही. बागेत ओल भलतीकडे पसरलेली दिसली तर दोन शक्यता असतात. लॅटरल फुटली असेल, किंवा लॅटरल धड आहे पण आजूबाजूला पाणी साचलंय आणि वाफसा गेलाय. उपाय दोन्हीकडे वेगळा. मेंदूतही तसंच: तंतू बिघडले, की तंतूंमधल्या मोकळ्या जागेत पाणी वाढलं? ओफर पास्टर्नाक या संशोधकांनी हे दोन हिशेब वेगळे काढण्याची पद्धत बसवली. २०१२मध्ये त्यांच्या गटानं ती सायकोसिसच्या पहिल्या झटक्यातल्या रुग्णांवर वापरली. तंतूंमधलं मोकळं पाणी मेंदूभर वाढलेलं होतं, खुद्द तंतूंतला बदल मात्र मुख्यतः कपाळामागच्या भागापुरता होता. जुन्या आजारात त्यांना चित्र उलटं दिसलं: पाण्याची वाढ थोड्या जागी, तंतूंचा बदल दूरवर. सुरुवातीचं ते पाणी दाहामुळे वाढत असावं, हा आज तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तो खरा ठरला तर तंतू बिघडण्याआधी हात घालायला वेळ मिळेल. माझी सगळ्यात जास्त आशा या संशोधनावर आहे.

वयही बघा. कपाळामागच्या वाटांवरचं मायलिन सगळ्यात शेवटी, विशी ओलांडेपर्यंत चढत असतं. आजार डोकं वर काढतो तेही याच वयात.

आणि भास? आपण बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो, हा आवाज आपलाच आहे. समजा ही वाट दहा सेंटिमीटरची आहे. सेकंदाला दहा मीटरच्या वेगानं निरोप दहा मिलिसेकंदांत पोहोचतो, वेग निम्मा झाला तर वीस. निरोप उशिरा आला तर मनातलं स्वतःचंच बोलणं परक्याचं वाटू शकेल, अशी एक मांडणी आहे. तिच्या बाजूनं काही मोजमापं आहेत, शेवटचा शब्द अजून नाही. मायलिनच नासवणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार मात्र विचार करायला लावतो. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी त्याचं नाव. तो पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी सुरू झाला तर पुष्कळदा आधी भास आणि संशयच दिसतात.

"मग पाण्याची हालचाल मोजणारा हाच स्कॅन करून घेऊ," भाऊ म्हणाला. एनिग्मातल्या सरासरी फरकाचा हिशेब मांडला तर एक रुग्ण आणि एक निरोगी अशा १०० जोड्यांपैकी सुमारे ६२ जोड्यांत रुग्णाचा आकडा कमी भरेल आणि ३८ जोड्यांत निरोगी माणसाचा. एका पोराचं निदान यावर करता येत नाही. कोणी 'प्रगत मेंदू स्कॅन'मधून निदान करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून. उपचाराविना गेलेला काळ जितका लांब, तितकी सुधारणा कमी, हे या आजारात अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून ते दोन महिने मला अजून सलतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

डॉक्टर पुढच्या वेळी झोप, जेवण, औषधाच्या वेळा आणि आवाज कधी येतात हे विचारतील, असं मी भावाला सांगितलं. एप्रिलमध्ये त्याच्याकडे गेलो तेव्हा द्राक्षांची खरड छाटणी चालू होती. त्यानं फवारणीची वही आणून दाखवली. पुढून औषधं, मात्रा, तारखा. मागून उघडली की मुलाचं पान: रात्री किती वाजता झोपला, गोळी घेतली का, आज आवाज आले का. शेवटच्या रकान्यात सलग चार दिवस 'कमी' लिहिलं होतं.