फायनल फँटसी: ‘दुसरा भाग’ नेमका कोणता?

फायनल फँटसी या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा ‘दुसरा भाग’ सरस की ‘तिसरा’, यावर दोन जण हमरीतुमरीवर आले, तर दोघे त्याच खेळांबद्दल बोलताहेत का, हे आधी विचारावं लागतं. हा घोळ १९९१ सालचा.

पहिला खेळ जपानमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या खेळयंत्रावर आला, दुसरा वर्षभराने, तिसरा एप्रिल १९९० मध्ये. अमेरिकेत पहिलाच १९९० मध्ये पोहोचला. दुसऱ्याचं इंग्रजी रूपांतर हाती घेतलं होतं, पण तोवर सुपर फॅमिकॉम हे पुढचं यंत्र आलं आणि ते काम सोडून दिलं गेलं. मग १९९१ चा चौथा भाग तिकडे ‘दुसरा’ म्हणून विकला. पाचवा गेलाच नाही. १९९४ चा सहावा ‘तिसरा’ झाला. १९९७ मध्ये जपानी क्रमांक कायम ठेवला, तेव्हा अमेरिकी खेळाडूंपुढे तिसऱ्यानंतर एकदम सातवा येऊन उभा राहिला.

दुकानात ‘चौथा’ दिसला असता, तर गिऱ्हाईक मधले दोन शोधत बसलं असतं, हे खरं. तरी हा निर्णय मालिकेवर अन्याय करणारा होता. खऱ्या दुसऱ्या भागाने अनुभवाचे गुण जमवून लेव्हल चढवायची पद्धतच मोडीत काढली होती. तलवार चालवाल तर तलवारीवर हात बसेल, मार खाल तर अंगात मार सोसायची ताकद येईल. खेळाडू आपल्याच साथीदारांवर वार करून ताकद वाढवू लागले, ही त्यातली पळवाट. पण केवढं धाडस! तिसऱ्याने पात्रांना हवा तेव्हा पेशा बदलू दिला आणि पाचव्याने तीच कल्पना फुलवली. हे तिन्ही गाळल्यावर चौथ्यातली कथेने बांधलेली, ठरलेल्या कामाची पात्रं हीच मालिकेची मूळ वाट भासू लागली. त्यातही अमेरिकेत गेलेला चौथा सोपा केलेला, काही कमांड आणि वस्तू कापलेला. बरीच वर्षं मालिकेतल्या इतर खेळांची तुलना झाली ती याच्याशी.

‘भाग’ हा शब्दही फसवा आहे. ड्रॅगन क्वेस्ट या दुसऱ्या जपानी मालिकेच्या पहिल्या तीन खेळांत (१९८६ ते ८८) वंशाचा धागा आहे: दुसऱ्यातले नायक पहिल्यातल्या नायकाचे वंशज, तर तिसऱ्याची कथा पहिल्याच्याही आधीची. फायनल फँटसीत आकडा बदलला की जग बदलतं, माणसं बदलतात. राहतात चोकोबो हे स्वारीचे मोठे पक्षी, एखाद्या पात्राला दिलेलं सिड हे नाव आणि ओळखीच्या सुरावटी. कथा पुढे नेणारा खेळ दहाव्याला मिळाला, २००३ मध्ये. पुढे चौथ्याची कथा २००८ मध्ये जपानी मोबाइलवर वाढवली गेली, आणि तेराव्याला तर २०११ व २०१३ मध्ये असे दोन खेळ जोडले.

अमेरिकेत पाचवा १९९९ मध्ये पोहोचला. खरा दुसरा २००३ मध्ये, म्हणजे दहाव्याची पुढची कथा आली त्याच वर्षी. खरा तिसरा २००६ मध्ये, तोही नव्याने घडवलेल्या रूपात.