पडदा आहे की नाही, हे स्क्रिप्टला कसं कळतं?

महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमधल्या बहुतेक सर्व्हरना मॉनिटर नसतोच. ठाण्यात घरी बसलेला अ‍ॅडमिन एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, आत शिरतो. लॅपटॉपवर खिडकी उघडून नीट पासवर्ड विचारणारी स्क्रिप्ट तिथे मात्र ‘डिस्प्ले उघडता आला नाही’ म्हणत मान टाकते. म्हणून पडदा आहे का, ते स्क्रिप्टने आधी चाचपून बघायचं. पण कशावरून?

याचं मूळ १९८४ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात सुरू झालेल्या, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये आहे. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्रावर उघडावी, ही तिची खासियत. खिडकी कुठे उघडायची ते डिस्प्ले हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला आपोआप मिळणारी, नाव दिलेली नोंद) सांगतं: यंत्राचं नाव, अपूर्णविराम (:), डिस्प्लेचा क्रमांक. म्हणजे तो निव्वळ पत्ता. पत्ता लिहिलेला आहे म्हणून घरात कोणी असेलच असं नाही, तरी ‘व्हेरिएबल रिकामं नाही ना’ एवढ्यावर असंख्य स्क्रिप्ट विसंबून राहिल्या.

ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसते. कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या सेशनमध्ये तुटलेल्या कनेक्शनचा पत्ता तसाच पडून असतो. उलट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाला, समोर मॉनिटर सुरू असला तरी, पत्ता मिळत नाही. १९९५ मध्ये एसएसएच आलं; त्याच्या एक्स फॉरवर्डिंगमुळे, म्हणजे खिडकी एसएसएचमधूनच आपल्या यंत्राकडे पाठवण्याच्या सोयीमुळे, मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवरही डिस्प्लेचा क्रमांक दिसतो, साधारणपणे १० पासून पुढचा, आणि खिडकी ठाण्यातल्या लॅपटॉपवर उघडते. खरी परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष जोडणी करून बघणं. एक्ससेट किंवा एक्सडीपीवायइन्फो ही डिस्प्लेशी बोलणारी छोटी साधनं चालवायची आणि एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की नाही हे सांगणारा आकडा, तपासायचा. गंमत अशी, की ही साधनं नेमकी सर्व्हरवरच बसवलेली नसतात.

क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड ही एक्सच्या जागी यायची नवी पद्धत सुरू केल्यावर तिचं स्वतःचं दुसरं व्हेरिएबल आलं. जुने एक्स प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या एक्सवेलँडमुळे बहुतेकदा दोन्ही एकाच वेळी भरलेली दिसतात. सेशनचा प्रकार सांगणारं आणखी एक व्हेरिएबल आहे, पण एसएसएचमधून आल्यावर ते ‘टीटीवाय’, म्हणजे नुसतं अक्षरांचं टर्मिनल, म्हणतं, फॉरवर्डिंग चालू असलं तरी. मॅकच्या स्वतःच्या खिडक्यांना तर यातलं काहीच लागत नाही. तिथे डिस्प्ले व्हेरिएबल शोधणारी स्क्रिप्ट चक्क पडदा नाही म्हणते.

मला मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीची वाट जास्त पटते. २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून ती बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) स्वतः निवडते आणि पडदा नसेल तर मुकाट्याने आलेख फाइलपुरता काढते.