साईट आणि पीज: दोन्ही १९७५ ची, दोन्ही अहमदाबादची, पण एक नव्हेत

भारतात खेड्यांत टीव्ही कसा पोचला हा विषय निघाला की दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात, एक म्हणजे साईट, म्हणजे उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवायचा तो मोठा प्रयोग, आणि दुसरं म्हणजे खेडा प्रकल्प, ज्याला त्या भागातले लोक, टॉवर पीज गावात होता म्हणून, सरळ पीज टीव्ही म्हणून ओळखायचे. बऱ्याच लेखांत तर "साईटमध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात..." अशी सुरुवात दिसते आणि तिथंच गाडी रूळ सोडते, कारण साईटच्या सहा राज्यांत गुजरात नव्हताच. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती सहा राज्यं. महाराष्ट्रही नव्हता त्यात.

गोंधळ होतो ते समजण्यासारखं आहे म्हणा. दोन्ही १९७५ मध्ये सुरू झाले, दोन्हीचं डोकं अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे इस्रोच्या सॅकमध्ये, माणसंही बरीचशी तीच, आणि त्यात भर म्हणजे साईटचे काही कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन पीजच्या टॉवरवरून परत प्रसारित व्हायचे. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या एकाच टीव्हीवर कधी साईट दिसायचं कधी पीजचं स्वतःचं काहीतरी. पण आतून बघितलं तर दोन्हींची जात वेगळी आहे, आणि मला विचाराल तर यातलं जे छोटं होतं त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आधी मोठ्याचं सांगतो. १९६९ मध्ये भारताचं अणुऊर्जा खातं आणि नासा यांच्यात करार झाला की नासा आपला एक उपग्रह वर्षभर भारताला वापरायला देईल, आणि जमिनीवरची सगळी व्यवस्था, टीव्ही सेट, कार्यक्रम हे भारतानं बघायचं. कल्पना विक्रम साराभाईंची, पण ते १९७१ च्या डिसेंबरमध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. सॅकचे तेव्हाचे प्रमुख यश पाल आणि साईटचा कारभार सांभाळणारे एकनाथ चिटणीस या लोकांनी ते पुढं नेलं. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, साराभाईंबरोबर अगदी सुरुवातीपासून असलेले, आणि आपल्याकडे त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही असं मला मनापासून वाटतं.

उपग्रह होता एटीएस-६. ३० मे १९७४ ला तो वर गेला, वर्षभर अमेरिकेच्या कामाला होता, मग त्याला सरकवत सरकवत आफ्रिकेच्या वर ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला, जिथून भारत दिसतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. २० जिल्ह्यांतली २,४०० गावं निवडली, त्यातली बहुतेक अशी की जिथं वीज नुकतीच आलेली नाहीतर आलेलीच नाही. सेट हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीनं बनवले आणि अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटरची ताटली, शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या आवारात उभी केलेली. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. एकाच चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती, म्हणजे आंध्रातल्या गावात तेच चित्र तेलुगूत आणि कर्नाटकातल्या गावात कन्नडमध्ये ऐकू यायचं, १९७५ सालासाठी ही काय साधी गोष्ट नाही.

आता छोटं. खेडा जिल्ह्यात नडियादजवळ पीज नावाचं गाव आहे, तिथं १ किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा केला. बस. उपग्रह नाही, करार नाही, नासा नाही. स्टुडिओ अहमदाबादला सॅकमध्ये, तिथून सिग्नल पीजला आणि पीजवरून आजूबाजूच्या चारशेच्या आसपास गावांत, सहाशेच्या वर सामुदायिक सेटवर. त्या काळात टीव्ही म्हणजे काय होतं ते लक्षात घ्या, दिल्ली, मुंबई, श्रीनगर, अमृतसर, नुकतेच कलकत्ता आणि मद्रास. मुंबईला दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं आणि पुण्याला १९७३ मध्ये सिंहगडावरच्या टॉवरवरून मुंबईचंच दिसायचं. अशा वेळी कुणीतरी ट्रान्समीटर शहरात न ठेवता एका गावात नेऊन उभा करतो, हे मला आजही फार धाडसाचं वाटतं.

आता इथं लो पॉवर या शब्दाचा घोळ सोडवून टाकू, कारण त्यातच बरेच जण फसतात. पीजला कमी शक्तीचं केंद्र म्हणतात आणि साईटला प्रचंड मोठा प्रयोग, म्हणून वाटतं की साईटचा ट्रान्समीटर प्रचंड असणार. उलटं आहे. एटीएस-६ वरचा जो ट्रान्समीटर भारतासाठी चालायचा तो होता ८० वॅटचा, ८६० मेगाहर्ट्झवर. पीजचा १,००० वॅटचा. म्हणजे अख्ख्या देशावर पसरणारा सिग्नल एका बल्बएवढ्या ताकदीत आणि एका जिल्ह्यापुरता त्याच्या बारापट ताकदीत. फरक अँटेनाचा. उपग्रहाला छत्रीसारखी उघडणारी ९ मीटरची ताटली होती, तिनं ती ८० वॅट शक्ती गोळा करून बॅटरीच्या झोतासारखी नेमकी भारताच्या दिशेनं टाकली, आणि ३६,००० किलोमीटरवरून येत असली तरी मधे डोंगर नाही, इमारत नाही, पृथ्वीची गोलाई आड येत नाही. पीजच्या टॉवरला मात्र चारी दिशांना पसरायचं आणि क्षितिजाच्या पलीकडं काही दिसत नाही, त्यामुळं पोच तीसेक किलोमीटरची. बघणाऱ्याच्या अँटेनाचाही हाच हिशेब. पीजचं बघायला नेहमीची टीव्ही अँटेना पुरायची, साईटसाठी ती ३ मीटरची जाळी आणि सेटच्या आधी सिग्नल बदलणारा वेगळा डबा लागायचा. तेव्हा वॅट बघून केंद्र लहान की मोठं हे ठरवू नका.

पण खरा फरक तंत्राचा नाहीच, माझं म्हणणं तेच आहे. खरा फरक कार्यक्रम कोण बनवतं आणि कुणासाठी बनवतं यात आहे. साईटचे बहुतेक कार्यक्रम आकाशवाणीच्या दिल्ली, हैदराबाद आणि कटकच्या केंद्रांत तयार व्हायचे (दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १ एप्रिल १९७६ ला, म्हणजे साईट चालू असतानाच). आता एका भाषेच्या पट्ट्यात शेकडो गावं, कुठं भात पिकतो कुठं ज्वारी, कुठं कालवा आहे कुठं नाही, बोली बदलते, मग कार्यक्रम असा करावा लागतो की सगळ्यांना थोडा थोडा लागू पडेल. नंतर जे अभ्यास झाले (आणि साईटमध्ये अभ्यासाला खूप महत्त्व दिलं होतं, काही गावांत मानवशास्त्राचे अभ्यासक मुक्काम ठोकून राहिले होते) त्यात हेच दिसलं. आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांत लोकांची माहिती वाढली, विशेष म्हणजे कधी शाळेत न गेलेल्यांची, पण शेतीत फारसा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही, कारण शेतकऱ्याला त्याच्या शिवाराचं पाहिजे असतं, दुसऱ्या जिल्ह्यातलं खत आणि बियाणं दाखवून त्याचं काय होणार.

पीजचं उलट. एक जिल्हा, एक भाषा, आणि भाषासुद्धा पुस्तकी गुजराती नाही तर चरोतरची, म्हणजे त्याच भागाची, बोली. खेडा म्हणजे अमूलचा जिल्हा, गावोगाव दूध मंडळ्या, सकाळ संध्याकाळ दूध घालायला सगळ्या जातीची माणसं एका रांगेत येतात अशा जागा तयार होत्या, सेट ठेवायला त्यांचा उपयोग झाला. सॅकची मंडळी अर्ध्या इंची टेपचे हलके कॅमेरे घेऊन गावात जायची, लोकांनाच बोलतं करायची, गावातल्या लोकांसाठी स्क्रिप्ट लिहायची शिबिरं घेतली, आणि त्यातून नाटकं आणि मालिका झाल्या. विषय कुठले, तर शेतमजुराला किमान मजुरी मिळते का, अस्पृश्यता, दारू, हुंडा, विधवेचं लग्न. शेतमजूर कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगतोय की मला ठरलेली मजुरी मिळत नाही, आणि ते त्याच्याच गावात, त्याच्या मालकासकट सगळे बसून बघतायत. हे दिल्लीच्या स्टुडिओतून होणं शक्यच नव्हतं. गावातल्या वजनदार लोकांना हे रुचणारं नव्हतं हे सांगायला नको.

आणि कार्यक्रम दाखवून काम संपायचं नाही. आधी गावात जाऊन लोकांना काय पाहिजे याचा अभ्यास, मग कच्चा कार्यक्रम काही लोकांना दाखवून त्यांना कळतोय का बघायचं, मग प्रसारण, मग परत जाऊन विचारायचं. समाजशास्त्राची माणसं आणि निर्माते एका छताखाली बसायचे. स्टुडिओ आणि गाव यांच्यात एसटीनं दीड-दोन तासांचं अंतर असलं की हे जमतं. साईटमध्येही अशी इच्छा होती, माणसंही तीच होती, पण कटकच्या स्टुडिओतून शेकडो गावांत परत परत जाणार कसं.

म्हणून मला साईटला कमी लेखायचं नाहीये अजिबात. साईटनं दाखवून दिलं की उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही दाखवता येतो, हे त्याआधी जगात या प्रमाणावर कुणी केलं नव्हतं. श्रीलंकेत राहणारे विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांना इस्रोनं एक सेट आणि ताटली बसवून दिली होती, ते कोलंबोत बसून साईटचे कार्यक्रम बघायचे. पुढं १९८३ चा भारताचा इन्सॅट-१बी उपग्रह आणि त्यानंतर देशभर पसरलेलं दूरदर्शन हे सगळं साईटच्या अनुभवावर उभं राहिलं. पण साईटची मर्यादा पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, आणि गावातल्या जाळीच्या ताटल्या मुक्या झाल्या. काही भागांत नंतर जमिनीवरचे ट्रान्समीटर बसवून टीव्ही परत सुरू केला, जयपूर, रायपूर, हैदराबाद वगैरे, सगळीकडे मात्र नाही. पीज मात्र चालूच राहिलं, कारण टॉवर जमिनीत रोवलेला होता आणि आपला होता.

१९८४ मध्ये खेडा प्रकल्पाला ग्रामीण संवादाच्या कामासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच सुमाराला वारं फिरलं. १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले होते, १९८४ मध्ये सरकारनं देशभर जवळपास रोज एक या वेगानं कमी शक्तीचे ट्रान्समीटर उभे केले. आपल्यापैकी ज्यांचं लहानपण तालुक्याच्या गावात गेलंय त्यांना तो एलपीटीचा (लो पॉवर ट्रान्समीटरचा) लाल पांढरा टॉवर आठवत असेल. तेही लो पॉवर, साधारण १०० वॅटचे, पीजच्या दहाव्या भागाइतके. पण त्यांच्याकडे स्टुडिओ नाही, निर्माता नाही, दिल्ली किंवा मुंबईचं जे उपग्रहावरून येईल ते घ्यायचं आणि पुढं सोडायचं. म्हणून कुणी म्हणालं की पीज हे दूरदर्शनचं पहिलं एलपीटी, तर तेही बरोबर नाही. एलपीटी म्हणजे नुसता पुढं ढकलणारा टॉवर, पीज म्हणजे स्वतःचं बोलणं असलेलं केंद्र.

मग १९८५ मध्ये पीजचा ट्रान्समीटर मद्रासला दुसऱ्या चॅनेलसाठी न्यायचा असं ठरलं. महानगराला दुसरं चॅनेल पाहिजे म्हणून जिल्ह्याचं एकुलतं एक काढायचं. पीजच्या लोकांनी त्याला विरोध केला, आमचा टीव्ही आम्हाला ठेवा म्हणून. एखाद्या सरकारी केंद्रासाठी गाव असं उभं राहतं तेव्हा ते केंद्र लोकांचं झालेलं असतं, यापेक्षा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. दशक संपता संपता तो प्रकल्प बंद झाला.

विद्यापीठांचा यात संबंध काय असं काही जण विचारतात, तर तो दोन बाजूंनी आहे. एक म्हणजे हे सगळं जिथून उगवलं ती फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, साराभाईंनी १९४७ मध्ये अहमदाबादच्या एम. जी. सायन्स कॉलेजच्या खोल्यांत सुरू केलेली. दुसरं म्हणजे हेच यश पाल १९८६ मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष झाले. यूजीसीचे टीव्हीवरचे वर्ग १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर लागत होते, त्यासाठी विद्यापीठांत निर्मिती केंद्रं काढली होती, त्यातलं एक आपल्या पुणे विद्यापीठात, एक गुजरात विद्यापीठात. कार्यक्रम विद्यापीठात बनायचा पण टॉवर आणि वेळ दूरदर्शनची, दुपारची नाहीतर पहाटेची. म्हणजे पीजकडे होतं ते, स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःचा टॉवर दोन्ही एका हातात, हे या विद्यापीठ केंद्रांना कधी मिळालं नाही.

पीजची पद्धत पूर्ण वाया गेली असं मात्र नाही. नव्वदच्या दशकात इस्रोनं मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात परत तसा प्रकल्प केला, या वेळी उपग्रहावरून, आणि १५० गावांत बघायची सोय करतानाच १२ ठिकाणी, तालुक्याच्या म्हणजे ब्लॉकच्या गावांत, परत बोलायची सोय ठेवली, म्हणजे समोर बसलेला माणूस स्टुडिओतल्या डॉक्टरला किंवा शेती अधिकाऱ्याला तिथून थेट प्रश्न विचारू शकत होता.