लाटेच्या मागे मागे, मनापर्यंत
दादर-पार्ल्याच्या सभागृहांबाहेर ‘मनाचे तरंग’, ‘क्वांटम चेतना’ अशा व्याख्यानांचे फलक नेहमी दिसतात. तिथून परतलेले ओळखीचे लोक मला विचारतात, “तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, मन म्हणजे तरंगच ना?” प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. ते देताना मला दरवेळी अमेरिकी शास्त्रज्ञ ॲल्विन स्कॉट (१९३१–२००७) आठवतात. लाटा आणि जाणीव या दोन्ही विषयांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं ऐकू येत नाही.

गोष्ट त्यांच्याही बरीच आधी सुरू होते. ऑगस्ट १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक होडी अचानक थांबली. तिच्या पुढच्या टोकापाशी साचलेला पाण्याचा गोल उंचवटा मात्र तसाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. सुमारे ३० फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच अशी ती लाट ताशी आठ-नऊ मैलांनी धावत होती आणि मैल-दोन मैल तिचा आकार फारसा बदलला नाही. उथळ पाण्यात लाटेचा उंच भाग पुढे सरू पाहतो, त्यामुळे लाट उभी चढत जाते. त्याच वेळी ती पसरूही पाहते. दोन्ही ओढी तुल्यबळ झाल्या की लाट टिकते. कोर्टेवेग आणि द व्रीस यांनी १८९५ साली तिचं समीकरण मांडलं. १९६५ साली झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिलं की अशा दोन लाटा एकमेकींवर आदळूनही आपापला आकार राखून पुढे जातात. त्यांनी तिला ‘सॉलिटॉन’ म्हटलं.

स्कॉट मूळचे विद्युत अभियंता. १९७३ साली चू आणि मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत त्यांनी सॉलिटॉनवर एक मोठा आढावा लिहिला. गणितज्ञांच्या वर्तुळात फिरणारी कल्पना त्यामुळे अभियंत्यांच्या आणि पदार्थवैज्ञानिकांच्या हाती आली. माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत खोल ठसा इथेच उमटला. पुढे अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या अरेषीय (म्हणजे जिथे परिणाम कारणाच्या प्रमाणात वाढत नाही, अशा गोष्टींच्या) अभ्यास केंद्राचे ते पहिले संचालक झाले.

पण त्यांचं मन गुंतलं होतं चेतातंतूत. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माखलीच्या जाड चेतातंतूतून धावणाऱ्या संदेशाची समीकरणं मांडली होती. हक्सलीने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. वेग आला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. ही लाट मात्र सॉलिटॉनच्या जातीची नाही. स्कॉट यासाठी मेणबत्तीच्या ज्योतीचं उदाहरण देत: ती वाटेतलं मेण जाळतच पुढे सरकते.

तोच प्रकार दाखवायला मी घरी डासांची कॉइल वापरतो. गेल्या पावसाळ्यात भाचीला दाखवायला कॉइलचा बाहेरचा वेढा मोडून घेतला. सादळलेला तुकडा आधी पेटेचना, म्हणजे ठरावीक उंबरठा ओलांडल्याशिवाय काही नाही. एकदा निखारा धरला की काडीने पेटवा नाहीतर लायटरने, तो आपल्याच चालीने सरकतो, कारण त्याची ऊर्जा कॉइलमध्येच भरलेली आहे. मग दोन्ही टोकं पेटवली. “मामा, भेटले की काय होणार?” दोन लाल ठिपके मध्ये भेटले आणि दोन्ही विझले. चेतासंदेशही समोरासमोर आले की असेच विझतात. फरक एवढाच की कॉइलची राख होते, तंतू काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार होतो.

सत्तरच्याच दशकात कीवचे भौतिकशास्त्रज्ञ दाविदोव यांनी सुचवलं की प्रथिनांतही सॉलिटॉन ऊर्जा वाहून नेत असावेत. स्कॉट यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पॅरासिटामॉलच्या नात्यातल्या ॲसिटॅनिलाइडच्या स्फटिकांत त्याच्या खुणा शोधल्या. शरीराच्या तापमानाला तो सॉलिटॉन टिकेल का, हा आक्षेप आला, तो त्यांनी टाळला नाही.

१९९५ साली त्यांनी जाणिवेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक जिना आहे: रेणू, प्रथिनं, चेतापेशी, पेशींचे समूह, मेंदू, जाणीव आणि वर संस्कृती. वरच्या पायरीचे नियम खालच्या पायरीवरून नुसते काढता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोनशे अमिनो आम्लांच्या साखळीचंच बघा. वीस प्रकारांतून अशा साखळ्या करायच्या तर शक्यता होतात एकावर २६० शून्यं. इतकी प्रथिनं विश्वाच्या आयुष्यातही घडवून बघता येणार नाहीत. म्हणून प्रत्येक पायरीचा अभ्यास तिथे उभं राहूनच करावा लागतो. चेतापेशी गटागटाने मिळून काम करतात, ही मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांची पेशीसमूहांची कल्पना स्कॉट यांना म्हणूनच जवळची वाटली.

आणि क्वांटम? अणू-इलेक्ट्रॉनांचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताचं मूळ समीकरण रेषीय आहे, चेतातंतूचं अरेषीय. नव्या रचना उगवतात त्या अरेषीयतेतून, तेव्हा मनासाठी क्वांटमकडे धावायची गरज नाही, असं त्यांनी ठामपणे मांडलं. १९९४ साली ॲरिझोनातल्या टूसॉनला जाणिवेवर पहिली मोठी परिषद भरली. तिच्या निबंधांच्या संपादनात स्कॉट यांच्या शेजारी स्टुअर्ट हॅमेरॉफ होते. पेशींतल्या सूक्ष्मनलिकांत क्वांटम जाणीव शोधणारे तेच हॅमेरॉफ.