गाजलेली सभा म्हणजे जिंकलेली निवडणूक?

शिवाजी पार्क भरलं की मुंबई खिशात, हे आपल्याकडे इतक्या वर्षांपासून ऐकवलं जातंय की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. आकडे मात्र वेगळंच सांगतात.

बाळासाहेब ठाकरेंच्या वक्तृत्वाबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. तरी 1978च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचा एकही आमदार निवडून आला नाही. नेता तोच, ठाकरी भाषाही तीच. पालिकेत सत्ता आली ती 1985 साली, म्हणजे पक्षाच्या स्थापनेनंतर 19 वर्षांनी. मधल्या काळात शाखा उभ्या राहिल्या होत्या. नळाला पाणी नाही, दाखला अडलाय, नवऱ्याने घराबाहेर काढलंय, असल्या तक्रारी घेऊन माणसं शाखेतच जायची. मतदानाच्या दिवशी याद्या घेऊन दारोदार फिरणारी पोरंही तिथलीच.

अलीकडचं उदाहरण 2019च्या लोकसभेचं. राज ठाकरेंच्या ‘लाव रे तो व्हिडीओ’ सभा घराघरांत पाहिल्या गेल्या, पण मनसेने उमेदवारच दिले नव्हते. मुंबईच्या सहाही जागा त्यांनी ज्यांच्यावर तोफ डागली त्या युतीकडेच गेल्या. (सभा रंगल्या होत्या, यात वाद नाही.)

मग करिष्मा बिनकामाचा? तसंही नाही. नवा पक्ष काढताना तरुणांना खेचायला तो लागतोच; 2009 साली पहिल्याच विधानसभा निवडणुकीत मनसेचे 13 आमदार आले, ते त्याच जोरावर. पुढच्या खेपेला, 2014 मध्ये, उरला एक.