पार्श्वभूमी: क्ष-किरणांचे पडदे आणि 'स्पीड' या शब्दाचा गुंता

फिल्मच्या काळातला एक्स-रे मुख्यतः उजेडाने उमटलेला असे. कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायचा उजेडबंद चपटा डबा, मिटली की फिल्म दोन पडद्यांच्या मध्ये घट्ट दाबली जाई. क्ष-किरणांनी पडदे उजळत आणि त्या उजेडाने फिल्म काळी होई. या काळेपणात थेट क्ष-किरणांचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी असायचा. त्यामुळे पडद्यावर कोणता पदार्थ लावला आहे, यावर रुग्णाच्या अंगात क्ष-किरणांची किती मात्रा जाणार हे ठरत होते. कमी मात्रेत काम भागवणारे नवे, जास्त 'स्पीड'चे पडदे घ्यावेत की नाहीत, हा १९७० नंतरचा सगळा वाद इथूनच निघाला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले तेव्हा चमकलेला पडदा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा होता. पुढच्याच वर्षी असंख्य क्षार तपासून कॅल्शियम टंगस्टेट निवडले गेले. पडदा फोटोच्या काचेला भिडवला की एक्सपोजरचा वेळ एकदम घटतो, हेही त्याच वर्षी दिसून आले. मग सुमारे ७५ वर्षे टंगस्टेटला तोड नव्हती. त्याचा निळसर-जांभळा उजेड फिल्मवरील चांदीच्या क्षारांना मुळातच मानवणारा, आणि पदार्थही टिकाऊ. डोळ्यांनी थेट पाहण्याच्या फ्लुरोस्कोपीसाठी मात्र पिवळट हिरवा उजेड देणारे झिंक कॅडमियम सल्फाइड वापरत. ते इतके मंद दिसे की तपासणीआधी डॉक्टर वीस-तीस मिनिटे लाल चष्मा लावून बसत.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे पडदे आले. रंगीत टीव्हीच्या पडद्यासाठी झालेल्या संशोधनाचा त्यामागे मोठा हात होता. यांतले मुख्य संयुग म्हणजे टर्बियम मिसळलेले गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड. टंगस्टेट शोषलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के ऊर्जा उजेडात बदलते. हे संयुग १५ टक्क्यांच्या वर जाते. पण त्याचा उजेड हिरवा, सुमारे ५४५ नॅनोमीटरचा. म्हणजे फिल्म हिरव्याला संवेदनशील हवी आणि डार्करूममधला पिवळसर दिवा काढून लाल लावायला हवा. जिथे दिवा तसाच राहिला तिथे फिल्मवर धुकट छटा चढली आणि दोष नव्या पडद्यांवर आला. लँथॅनम ऑक्सिब्रोमाइडचा उजेड निळा असल्याने जुनी फिल्म चालत होती, पण ते ओलाव्याला नाजूक.

खरा गुंता 'स्पीड' या शब्दाचा. मध्यम टंगस्टेट पडद्यांची जोडी १०० स्पीडची मानली, तर ४०० म्हणजे तेवढाच काळेपणा चौथ्या हिश्श्याच्या मात्रेत. इथवर सोपे आहे. पण हा आकडा एकट्या पडद्याचा नसतो, पडदा आणि फिल्म या जोडीचा असतो. शिवाय तो स्थिरही नसतो. क्ष-किरण निर्माण करणाऱ्या नळीचा किलोव्होल्टेज बदलला की दुर्मिळ मृदांच्या पडद्यांचा स्पीडही सरकतो. डब्यावर ४०० छापलेली जोडी कमी किलोव्होल्टला हात-पायांच्या एक्स-रेसाठी वापरली की तो आकडा राहत नसे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे स्पीड कसा मिळवला, हे आकडा सांगत नाही. पावसाचे पहिले थेंब फरशीवर विस्कळीत पडतात. पुष्कळ थेंब पडले की फरशी सारखी ओली दिसते. क्ष-किरणांचे फोटॉनही तसेच. पडद्याने थोडेच शोषले तर चित्रात ठिपक्याठिपक्यांचा खरखरीतपणा येतो. अशा चित्राला 'मॉटल' आले म्हणत. आता स्पीड वाढवायचे दोन मार्ग पाहू. एका मार्गात पडदा जास्त फोटॉन अडवतो. शोषलेल्या फोटॉनांची संख्या तेवढीच राहते आणि मात्रा वाचते. दुसऱ्यात प्रत्येक फोटॉनमागे उजेड जास्त मिळतो, किंवा फिल्मच जास्त संवेदनशील असते. मग कमी फोटॉनांत फिल्म काळी होते आणि मॉटल वाढते. पडदा नुसता जाड केला तर शोषण वाढते, पण उजेड आत पसरून कडा पुसट होतात.

किरणांची ऊर्जा ज्या टप्प्याला पोहोचली की मूलद्रव्याचे शोषण एकदम वाढते, त्याला के-कड म्हणतात. गॅडोलिनियमची के-कड ५०.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, टंगस्टनची ६९.५ ला. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निदानाच्या किरणांचा मोठा भाग येतो आणि तिथे गॅडोलिनियम जाडी न वाढवता कितीतरी जास्त शोषते. म्हणजे नव्या पडद्यांचा काही लाभ निव्वळ होता आणि काही मॉटलच्या बदल्यात घेतलेला. समर्थक मात्रेकडे बोट दाखवत, विरोधक ठिपक्यांकडे, आणि दोघेही एकाच आकड्यावर भांडत. माझ्या मते '४०० घ्यावे की २००' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला. वाढत्या मुलांच्या मणक्याचा बाक मोजण्यासाठी वर्षानुवर्षे एक्स-रे काढतात. तिथे कोन मोजायचा असतो, मॉटलने काही बिघडत नाही. अशा मुलांसाठी जुने पडदे चालू ठेवणे मला अक्षम्य वाटते. बोटाच्या हाडातली बारीक चीर शोधायची असेल तर मात्र संथ, तपशील दाखवणारा पडदाच योग्य.

पुढे फिल्मच गेली. १९८० च्या दशकात युरोपियम मिसळलेल्या बेरियम फ्लुरोब्रोमाइडच्या प्लेट आल्या. त्या प्रतिमा साठवून ठेवतात आणि लेसर फिरवला की उजेडाच्या रूपात परत देतात. नंतर फिल्मच्या जागी आलेल्या सपाट डिजिटल पॅनेलांत थॅलियम मिसळलेले सिझियम आयोडाइड आले. त्याचे स्फटिक सुयांसारखे उभे वाढतात आणि उजेड सुईच्या आतूनच खाली जातो, म्हणून जाडी वाढली तरी कडा फारशा पुसट होत नाहीत. गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड अजूनही अनेक पॅनेलांत आहे. सीटी स्कॅनमध्येही आहे, पण तिथे टर्बियमऐवजी प्रासिओडिमियम घालतात, कारण टर्बियमचा उजेड विझायला फार वेळ घेतो. २०१८ पासून पेरोव्स्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थांच्या सूक्ष्म स्फटिकांवर बरेच काम झाले आहे. त्यांतल्या बहुतेकांमध्ये शिसे असते.

डिजिटलमध्ये स्पीडचा आकडा हरवला आणि त्याबरोबर एक पहाराही गेला. मात्रा जास्त झाली की फिल्म काळीठिक्कर पडे आणि चूक लगेच दिसे. संगणक मात्र चित्र नेहमी योग्य उजळपणात दाखवतो. मात्रा वाढली तर ते उलट अधिक स्वच्छ दिसते. म्हणून प्रत्येक उत्पादकाने मात्रेचा अंदाज देणारा स्वतःचा निर्देशांक दिला. एकाचा आकडा मात्रा वाढली की स्पीडसारखा उतरे, दुसऱ्याचा चढे. २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक आले आणि एक्सपोजर निर्देशांक पॅनेलवर पोहोचलेल्या मात्रेच्या प्रमाणात चढता ठरला, म्हणजे स्पीडच्या नेमका उलट.